शाळेच्या बुटांची तयारी : आधी सुखतळा काढून पाहा

मे महिन्याचा शेवटचा आठवडा आला की वह्या, दप्तर, गणवेश आणि रेनकोट यांच्या याद्या घरोघरी निघतात आणि त्यांत ‘बूट’ हा शब्द एका ओळीत उरकला जातो. गेल्या वर्षी आमच्या यादीतही तो तसाच उरकला होता आणि त्याची किंमत माझ्या सात वर्षांच्या मुलीच्या अंगठ्याला मोजावी लागली. जूनमध्ये घेतलेले काळे बूट जानेवारीतही दिमाखात होते. तळ शाबूत होता, शिवण कुठे उसवली नव्हती आणि पॉलिशचा एक हात फिरवला की ते नव्यासारखे चमकत. मुलगी वस्तू किती जपून वापरते, हे मी दोघीतिघींना कौतुकाने सांगितलेही होते. त्याच सुमारास ती शाळेतून आल्यावर इमारतीच्या खालीच बूट काढून हातात घेऊ लागली आणि नुसत्या मोज्यांवर तीन मजले चढून येऊ लागली. मोजे खालून काळेकुट्ट होतात म्हणून मी तिला महिनाभर रागावत राहिले. अखेर एके दिवशी अंघोळीनंतर तिचे पाय पुसताना सासूबाईंनी अंगठा धरून ठेवला आणि मला हाक मारली. नख एका कडेने काळेनिळे पडले होते.

मी बुटातला सुखतळा बाहेर ओढला. सुखतळा म्हणजे पायाखाली असते ती आतली गादी. सात महिन्यांच्या घामाने आणि वजनाने तिच्यावर पायाचा ठसा स्वच्छ उमटला होता. टाच खोलगट, चवडा गडद आणि पुढे बोटांचे गोल. त्यातला अंगठ्याचा गोल पूर्ण नव्हता. तो सुखतळ्याच्या काठावर अर्धवट कापला गेला होता, म्हणजे त्याचा उरलेला भाग रोज बुटाच्या पुढच्या भिंतीवर दाबला जात होता. पट्टीने मोजले तेव्हा पाय १९.६ सेंटिमीटर भरला आणि सुखतळा १९.४. दुखत होते तर सांगितले का नाहीस, असे विचारल्यावर ती म्हणाली, “तूच म्हणालीस ना, अजून नवेच आहेत म्हणून.”

तेव्हा या यादीतले पहिले काम दुकानात जाण्याचे नाही. घरात या घडीला वापरात असलेल्या प्रत्येक बुटाचा सुखतळा बाहेर काढा, तो जमिनीवर ठेवा आणि मुलाला त्याच्यावर टाच मागच्या कडेला लावून उभे करा. सर्वांत लांब बोटाच्या पुढे सुखतळा किती उरतो, ते पाहा. नव्या बुटात ही जागा साधारण १२ मिलिमीटर असावी, म्हणजे मोठ्या माणसाच्या अंगठ्याच्या रुंदीपेक्षा बरीच कमी. ती ५-६ मिलिमीटरवर आली की बुटाचे आयुष्य संपले, मग वरचे चामडे कितीही चमकत असो. काही बुटांत सुखतळा चिकटवलेला असतो. त्यांच्यासाठी पुठ्ठ्याची पट्टी वापरावी लागते. तिची कृती पुढे येईलच.

बूट किती महिने टिकतात हा प्रश्न आपण बुटाला विचारतो आणि तो विचारायचा असतो पायाला. दीड-दोन वर्षांच्या मुलाचा पाय महिन्याला एक मिलिमीटरहून अधिक वाढतो, तीन ते सहा वर्षांच्या मुलाचा सुमारे एक मिलिमीटर, आणि शाळकरी वयात वर्षभरात साधारण ८ ते १० मिलिमीटर. आपल्याकडे बहुतेक बुटांवर छापलेला क्रमांक इंग्लंडच्या जुन्या पद्धतीचा असतो. त्यात एक क्रमांक म्हणजे इंचाचा तिसरा भाग, सुमारे साडेआठ मिलिमीटर, म्हणजे पूर्वी जवाच्या एका दाण्याची लांबी मानत तेवढा. लहान मुलांचे क्रमांक १३ पर्यंत चढतात आणि मग पुन्हा १ पासून सुरू होतात, हे ठाऊक नसल्यामुळे एखादी आजी ‘१३ चा होत नाही, तर १ चा कसा होईल’ म्हणून दुकानदाराशी वाद घालते. त्यात तिची काही चूक नाही.

आता हा हिशेब शाळेच्या वर्षाला लावून पाहा. जूनमध्ये १२ मिलिमीटर मोकळी जागा ठेवून बूट घेतला आणि पाय वर्षाला ९ मिलिमीटर वाढला, तर ती जागा निम्मी व्हायला सात-आठ महिने लागतात आणि आपण थेट जानेवारी-फेब्रुवारीत येऊन पोहोचतो. ‘आता दोनच महिने राहिले, चालवून घेऊ’ असे घरोघरी म्हटले जाते तो नेमका हाच काळ. बालवाडीतल्या मुलाच्या बाबतीत हा मुक्काम डिसेंबरच्या सुमारासच येतो. शिवाय पाय महिन्याच्या हप्त्याने वाढत नाही. दोन महिने थांबतो आणि मग एकदम पुढे सरकतो. म्हणून सहा वर्षांखालच्या मुलांचा सुखतळा दर दोन-तीन महिन्यांनी आणि मोठ्यांचा दर तीन-चार महिन्यांनी काढून पाहायचा. मी सात महिन्यांत एकदाही काढला नाही. एकदाही नाही, हे मुद्दाम दोनदा लिहिते आहे.

मुलाला विचारून भागत नाही. लहान मुलांच्या पायातला बराचसा भाग अजून पक्के हाड न झालेल्या मऊ कूर्चेचा असतो, त्यामुळे बोटे आखडून बसतात आणि मूल तसेच धावत राहते. दुखू लागले तरी ते बुटामुळे दुखते आहे, हे त्याला उमगत नाही. आणि उमगले तरी नवे बूट महाग असतात हे घरातल्या बोलण्यावरून त्याला कळलेले असते. त्याऐवजी तक्रार न करता मूल जे करते, ते पाहा. संधी मिळताच बूट काढणे, खेळाच्या तासाला कडेला बसून राहणे, मोज्याला अंगठ्याच्या ठिकाणी वारंवार भोक पडणे, करंगळीच्या कडेला लाल वळ दिसणे. आणि जिने मोज्यांवर चढणे.

माप घ्यायचे ते संध्याकाळी, कारण दिवसभराच्या चालण्याने पाय किंचित फुगलेला असतो. शाळेचे मोजे घालून मुलाला कागदावर, टाच भिंतीला टेकवून, सरळ उभे करावे. बसलेल्या मुलाचे माप घेऊ नये; अंगाचा भार पडल्यावर पाय पसरतो आणि लांबतो. पेन्सिल उभी धरून सर्वांत लांब बोटापुढे खूण करावी. हे बोट प्रत्येकाचे अंगठाच असते असे नाही, अनेकांचे शेजारचे बोट पुढे असते. दोन्ही पाय मोजावेत, कारण ते क्वचितच सारखे असतात, आणि मोठ्या पायाचे माप धरावे. त्या मापात १२ मिलिमीटर मिळवून तेवढ्या लांबीची, दोन बोटे रुंदीची पुठ्ठ्याची पट्टी कापावी आणि तिच्यावर तारीख, कोणता पाय आणि पायाचे माप लिहून ठेवावे. वहीच्या मागचा पुठ्ठा त्यासाठी उत्तम. ही पट्टी बुटात सरकवली आणि न वाकता टाचेपर्यंत बसली, तर लांबी पुरेशी आहे. ती वाकली तर बूट लहान, मग डब्यावर कोणताही क्रमांक छापलेला असो. दोन कंपन्यांचे एकाच क्रमांकाचे बूट आतून वेगळे निघतात, त्यामुळे ‘गेल्या वर्षी १० होता, आता ११ द्या’ हे वाक्य दुकानात उच्चारू नये. मी तेच उच्चारले होते.

दुकानात मूल बरोबर हवे आणि पट्टी खिशात हवी. विक्रेता बुटाच्या टोकावर अंगठा दाबून ‘भरपूर जागा आहे, ताई’ म्हणेल, त्याच्यावर विसंबू नका. शाळेच्या काळ्या बुटाचे टोक आतून कडक केलेले असते, त्यामुळे बाहेरून दाबून काही कळत नाही. शिवाय कोणी वरून दाबले की मूल आपोआप बोटे आत ओढून घेते. विक्रेत्याला सांगून तिथेच सुखतळा बाहेर काढून घ्या आणि मुलाला त्यावर उभे करा. तो थोडा चमकेल, मागचे गिऱ्हाईक घड्याळ पाहील, पाहू दे. जागा १२ मिलिमीटर हवी म्हणून २० चालेल, असेही मात्र नाही. कपडे वाढत्या अंगाचे घेता येतात, तसे बूट घेता येत नाहीत, कारण सैल बुटात पाय पुढे घसरतो, बोटे पकड घेण्यासाठी आखडतात आणि टाचेला फोड येतो. बूट दोन्ही हातांत धरून वाकवला तर तो चवड्यापाशी वाकावा, मध्यभागी दुमडू नये. टाचेचा मागचा भाग दाबल्यावर ताठ राहावा. नाडी की वेल्क्रो हे मुलाच्या बोटांवर ठरवा. पहिली-दुसरीपर्यंत वेल्क्रो बरा. सवलत आहे म्हणून एकाच मापाचे दोन जोड घेऊ नका. आमचा दुसरा जोड जानेवारीत खोक्यातून बाहेर आला, तेव्हा तो पायात शिरलाच नाही.

महानगरपालिका, जिल्हा परिषद आणि इतर सरकारी शाळांतल्या पहिली ते आठवीच्या विद्यार्थ्यांना एक जोड बूट आणि दोन जोड पायमोजे मोफत देण्याचा निर्णय राज्य शासनाने २०२३ मध्ये घेतला. तिथे माप शाळेत घेतले जात असेल, तर मुलाच्या हाती पट्टी द्या. वर्षभराचा तो एकच जोड असल्याने त्यातली मोकळी जागा दिवाळीत तपासणे तिथे अधिकच गरजेचे आहे.

नवे बूट शाळा सुरू होण्याआधी चार-पाच दिवस घरात अर्धा-अर्धा तास घालू द्यावेत, म्हणजे ते कुठे चावतात ते कळते आणि खालचा तळ स्वच्छ असल्याने दुकानात बदलूनही मिळतात.

पावसाळ्याबद्दल थोडक्यात सांगते, कारण शाळा परवानगी देत असेल तर जून ते सप्टेंबर पावसाळी सँडल घालणे हाच खरा उपाय आहे. बूट भिजलेच तर सुखतळा काढून वेगळा वाळवावा. हे करताना तो आयताच हातात येतो, तेव्हा ठसाही पाहून घ्यावा. बुटात वर्तमानपत्राचे बोळे कोंबून ते दोन-तीनदा बदलावेत आणि बूट पंख्याखाली ठेवावेत. गॅसजवळ किंवा इस्त्रीखाली वाळवले तर चामडे तडकते आणि तळाचा गोंद सुटतो, मग तळ आ वासतो. ओलसर बूट तसेच घातले की बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात, हे सांगायला नको.

दिवाळीच्या सुट्टीत फराळाआधी सुखतळा काढायचा. माझ्या यादीत ही ओळ नव्हती, म्हणून तिच्याभोवती यंदा लाल चौकट आहे. नाताळच्या सुट्टीत पुन्हा काढायचा. वर्ग आणि घर एवढेच चालणाऱ्या मुलाचा बूट बाहेरून वर्षभर टिकतो आणि म्हणूनच फसवतो. मधल्या सुट्टीत फुटबॉल खेळणाऱ्याचा तळ तीन-चार महिन्यांत गुळगुळीत होतो आणि तो बिचारा प्रामाणिकपणे बाद होतो. बाहेरून पाहायचे ते एवढेच : तळाची नक्षी झिजली का, टाचेचा मागचा भाग पायाने दाबून चपटा झाला का, आणि टेबलावर ठेवल्यावर बूट एका बाजूला कलतो का. टाच बाहेरच्या कडेला थोडी झिजणे नेहमीचेच आहे. आतल्या कडेला खूप झिजत असेल किंवा दोन बुटांत ठळक फरक असेल, तर नवा बूट घेण्याआधी डॉक्टरांना दाखवा. उसवलेली शिवण आणि सुटलेला तळ नाक्यावरचे काका नीट करून देतात. लांबी मात्र त्यांनाही वाढवून देता येत नाही, तेव्हा दुरुस्तीचे पैसे देण्याआधी सुखतळा बघा.

कवायतीचे पांढरे कॅनव्हासचे बूट सर्वांत लबाड. ते आठवड्यातून एकदा-दोनदाच पायात जातात, धुऊन उन्हात ठेवले की नवे दिसतात आणि दोन-दोन वर्षे कोणी त्यांच्याकडे पाहत नाही. पाय मात्र त्यांच्यासाठी वेगळा वाढत नाही. लग्नाकार्याच्या मोजडीचेही तेच.

थोरल्याचे बूट धाकट्याला देताना सुखतळ्यावर थोरल्याचा खोल ठसा असेल, तर देऊ नका, कारण धाकट्याचा पाय त्या खड्ड्यात बसत नाही. कधीतरी घातलेले सँडल द्यायला हरकत नाही. माळ्यावर जपून ठेवलेले बूटही तपासून घ्या. पॉलियुरेथेनचा, म्हणजे फेसासारख्या हलक्या प्लॅस्टिकचा, तळ दमट हवेत न वापरताही काही वर्षांत आतून कुजतो आणि पहिल्याच दिवशी शाळेच्या व्हरांड्यात त्याचा भुगा पडतो. मुंबई-कोकणात तर नक्कीच.

बाकीचे पटकन. मोजेही लहान होतात, ते बुटांबरोबर बदला. वेल्क्रोत अडकलेले धागे जुन्या कंगव्याने काढा. बुटाच्या जिभेवर आतून नाव लिहा. पॉलिश, ब्रश, जादा नाडी तुम्हाला ठाऊकच आहे. जुने बूट कोणाला द्यायचे असतील, तर तळ धड आहे ना ते पाहून धुऊन द्या. यंदाची आमची पट्टी चपलांच्या कपाटाच्या आत खिळ्याला अडकवली आहे आणि तिच्यावर ‘१८ मे, डावा, २०.१’ असे लिहिले आहे.