कांजिण्या, गोवर आणि आपली कमी झालेली इम्युनिटी: भिडेपोटी होणाऱ्या या चुका टाळा

सोमवारची संध्याकाळ होती. भांडुपला आमच्या घरी पहिली ते चौथीची ट्युशन असते, त्यातला दुसरीतला एक पोरगा त्या दिवशी जरा मलूल होता, सातचा पाढा म्हणता म्हणता माझ्या खांद्यावर डोकं टेकून बसला. मी म्हटलं शाळेत दमला असेल. मंगळवारी आला नाही, बुधवारी पण नाही. गुरुवारी त्याच्या आईचा मेसेज आला, "टीचर, त्याला कांजिण्या आल्यात, या आठवड्यात येणार नाही, फी ॲडजस्ट कराल ना." पुरळ मंगळवारी सकाळीच उठलं होतं, मला कळलं गुरुवारी, आणि ते पण फीमुळे.

आता माझी गोष्ट अशी की माझ्या अंगात आईची किडनी आहे, आणि ती टिकावी म्हणून मी टॅक्रोलिमस, मायकोफिनोलेट आणि थोडं स्टेरॉईड घेते. म्हणजे स्वतःची प्रतिकारशक्ती रोज आपल्याच हाताने दाबून ठेवायची. केमो चालू असलेले, बोन मॅरो ट्रान्सप्लांट झालेले, ल्युपसवाले, संधिवातासाठी मेथोट्रेक्सेट किंवा बायोलॉजिकल इंजेक्शनं घेणारे, स्टेरॉईडचा मोठा डोस बरेच दिवस चालू असलेले, सगळे थोड्याफार फरकाने याच होडीत. ज्या कांजिण्या पोराला आठवडाभर नुसत्या खाजवतात त्याच आपल्याला झाल्या तर न्यूमोनिया, लिव्हरला सूज, थेट ॲडमिट. आणि तरी आपण सगळे त्याच त्याच चुका करतो, मी पण केल्यात, म्हणून लिहितेय.

"पुरळ दिसलं की लांब राहू"

सगळ्यात मोठी चूक हीच. कांजिण्यांचं पोर पुरळ यायच्या एक-दोन दिवस आधीपासूनच दुसऱ्याला आजार देत असतं, आणि सगळ्या फोडांवर खपली धरेपर्यंत देत राहतं. गोवर तर त्याहून चलाख, पुरळाच्या चार दिवस आधीपासून चार दिवस नंतरपर्यंत. तेव्हा पोराला काय असतं, तर नाक गळतंय, डोळे लाल, खोकला, कणकण, मुंबईत कुठल्या पोराला हे नसतं सांगा! गोवराचा विषाणू तर पोर निघून गेल्यावरही बंद खोलीतल्या हवेत दोन तासांपर्यंत राहू शकतो, म्हणजे लिफ्टमधे तुम्ही एकट्या असलात तरी खरंतर एकट्या नसता. अजून एक आजार आहे ज्यात पोराचे गाल चापट मारल्यासारखे लाल होतात, पार्व्होव्हायरसचा. त्यात गाल लाल होईपर्यंत पसरवायचे दिवस बहुतेक संपलेलेच असतात, आपण मात्र लाल गाल बघून तेव्हा पळतो. पोराला त्याचं काही नसतं, आपल्यासारख्यांचं मात्र हिमोग्लोबिन त्याने उतरून बसतं आणि डॉक्टर कारण शोधत राहतात.

त्यामुळे डोळ्यांवर भरवसा ठेवायचा नाही, खबर ठेवायची. कोणाच्या वर्गात काय चाललंय, पाळणाघरात कोण आजारी आहे, हे आपल्याला वेळेत कळलं पाहिजे. आणि इथेच आपलं गाडं अडतं.

भीड

मी चार वर्षं ट्युशनच्या एकाही आईला सांगितलं नव्हतं की माझं ट्रान्सप्लांट झालंय. लोक काय म्हणतील, पोरं काढून घेतील, "बिचारी" म्हणतील. मग त्या बाईला तरी कसं कळणार की हा मेसेज मंगळवारीच करायला हवा होता? तिचं काही चुकलं असं मी म्हणत नाही, म्हणजे चुकलंच, पण त्यात अर्धी चूक माझी.

नातेवाइकांकडे तर अजून कठीण. बारशाला जाताना "घरात कोणाला ताप-पुरळ नाही ना" असं विचारलं की वहिनींचं तोंड वाकडं. हळदीकुंकवाला, गणपतीला, कोणाच्या वाढदिवसाला, तेच. तरी विचारायचं. आणि प्रश्न असा विचारायचा की समोरच्याला खरं सांगायला सोपं जाईल, "तुमच्याकडे सगळे बरे आहेत ना" असं विचारलं की उत्तर "हो हो" असंच येतं. त्यापेक्षा "मला कांजिण्या चालत नाहीत, डॉक्टरांनी सांगितलंय, गेल्या दोन-तीन आठवड्यात शाळेत कोणाला झाल्यात का" असं सरळ विचारा. डॉक्टरांच्या नावावर खपवलं की कोणाला राग येत नाही, हा माझा अनुभव.

काही घरांत अजूनही "देवी आल्यात" म्हणतात, दाराला कडुनिंब लावतात आणि कोणाला बोलत नाहीत. खरी देवी म्हणजे तो जुना जीवघेणा रोग, त्याचा भारतातला शेवटचा देशी रुग्ण १९७५ मधे सापडला, पण नाव मात्र कांजिण्यांना चिकटून राहिलं. श्रद्धेवर मी काही बोलणार नाही, उलट सांगते, दारावर कडुनिंब दिसला की माझ्यासाठी ती फुकटची नोटीस असते, मी त्या घराची बेल वाजवत नाही.

आता मी ट्युशनच्या ग्रुपवर दर महिन्याला एक मेसेज टाकते: "ताप, पुरळ, गाल सुजणं, तोंडात फोड, डांग्या खोकला यातलं काही असेल तर त्याच दिवशी फोन करा, रात्री अकराला केलात तरी चालेल, सुट्टीच्या दिवसांची फी घेणार नाही." शेवटचे तीन शब्द महत्त्वाचे!

"मला लहानपणी होऊन गेल्यात"

गुरुवारी मेसेज वाचल्यावर पहिला फोन मी आईला केला. आई, मला कांजिण्या झाल्या होत्या का? आई म्हणाली, "अगं कायतरी आलं होतं खरं, गोवर की कांजिण्या, का ते तुझ्या दादाला आलं होतं?" झालं. आपल्यातल्या बऱ्याच जणांचा रेकॉर्ड एवढाच असतो.

हे रक्ताच्या एका तपासणीतून बऱ्यापैकी कळतं, व्हॅरिसेला आयजीजी म्हणतात (व्हॅरिसेला म्हणजे कांजिण्या, आयजीजी म्हणजे त्याच्याशी लढणाऱ्या अँटिबॉडी), गोवराची पण तशीच असते. ती खरंतर औषधं सुरू व्हायच्या आधीच करून घ्यायची, कारण तेव्हा निगेटिव्ह आली तर लस घ्यायला वेळ असतो. आधीच औषधं चालू असतील तरी एकदा विचारून करून ठेवा, आणि रिपोर्टचा फोटो मोबाईलमधे. दोन ठिकाणी फसायला होतं. हल्लीच इम्युनोग्लोब्युलिनची, म्हणजे दुसऱ्यांच्या रक्तातल्या तयार अँटिबॉडीची, बाटली चढवली असेल तर रिपोर्ट पॉझिटिव्ह येऊ शकतो, पण त्या अँटिबॉडी उसन्या असतात, काही आठवडे-महिन्यांत संपतात. आणि बोन मॅरो ट्रान्सप्लांट झालं असेल तर लहानपणीचा आजार, लहानपणीच्या लसी, जवळपास सगळं पुसलं जातं, पुन्हा पहिल्यापासून लसी घ्यायला लागतात, अर्थात टीम सांगेल तेव्हा.

"बघू, पुरळ आलं तर जाऊ"

नको. संपर्क झाला त्या दिवसापासून घड्याळ सुरू होतं. कांजिण्या उठायला १० ते २१ दिवस लागतात आणि त्यातले सुरुवातीचेच दिवस कामाचे असतात. कांजिण्यांसाठी तयार अँटिबॉडीचं इंजेक्शन असतं ते १० दिवसांच्या आत, जितकं लवकर तितकं बरं. गोवरासाठी इम्युनोग्लोब्युलिन ६ दिवसांच्या आत. कांजिण्यांचं ते इंजेक्शन मिळत नसेल किंवा गरज नसेल तर डॉक्टर ॲसायक्लोव्हिर-व्हॅलासायक्लोव्हिरच्या विषाणूविरोधी गोळ्या संपर्कानंतर साधारण सातव्या दिवसापासून देतात. हे सगळं त्यांनी ठरवायचं, आपण फक्त वेळेत पोचायचं.

मी गुरुवारीच माझ्या डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी पटापट विचारलं: नक्की कुठला दिवस, पोराला पुरळ कधी उठलं, एकाच खोलीत किती वेळ, किती जवळ. एकाच खोलीत पंधरा मिनिटं किंवा समोरासमोर बोलणं एवढं पण पुरतं, माझ्या तर खांद्यावर डोकं होतं. आयजीजी केली, निगेटिव्ह. पुढच्या सोमवारपासून गोळ्या, माझी किडनी बघून डोस ठरवला. म्हणून सांगते, व्हॉट्सॲपवर कोणी फॉरवर्ड केलेला डोस घेऊ नका, दुसऱ्या ट्रान्सप्लांटवाल्याचा डोस पण तुमचा नसतो.

इथे काय काय अडतं ते पण लिहिते. शनिवार-रविवार आला आणि डॉक्टर फोन उचलत नाहीत, तर सोमवारची वाट न बघता त्या हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीला फोन करा, बहुतेक मोठ्या हॉस्पिटलात त्या विभागाचा ड्युटीवरचा रेसिडेंट डॉक्टर असतो, त्याला "इम्युनोसप्रेस्ड आहे, म्हणजे औषधांनी प्रतिकारशक्ती दाबलेली, कांजिण्यांचा संपर्क झालाय, इतके दिवस झाले" एवढंच सलग सांगा, बाकी इतिहास नंतर. थेट ओपीडीत जाऊन बसू नका. संपर्कानंतर आठव्या दिवसापासून एकविसाव्या दिवसापर्यंत आपण स्वतः पण दुसऱ्याला देऊ शकतो (इंजेक्शन घेतलं असेल तर अठ्ठावीस धरतात) आणि त्या बाकावर शेजारी कोण बसलेलं असतं, आपल्यासारखंच कोणीतरी. आधी फोन करून वेगळ्या दाराने, वेगळ्या वेळी. आणि घाबरून आपल्या नेहमीच्या गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करायच्या नाहीत, स्टेरॉईड एकदम थांबवणं तर धोक्याचंच.

पुरळ कधी कधी उशिरा येतं हे पण लक्षात ठेवा. आपल्यासारख्यांमधे कांजिण्या जोरदार पोटदुखीने सुरू होऊ शकतात, गोवरात पुरळ उठतच नाही असंही होतं. केमोवाल्यांना १०० पॉईंट ४ ताप म्हणजे त्याच क्षणी हॉस्पिटल, क्रोसिन घेऊन झोपून बघू हे चालत नाही.

लसींचा घोळ

यात लोक दोन्ही बाजूंनी चुकतात. एक, आपण स्वतः जिवंत लस घेतो. गोवर-रुबेला, कांजिण्या, नाकात मारायची फ्लूची लस, या जिवंत असतात, आपली औषधं चालू असताना साधारणपणे घ्यायच्या नाहीत. इंजेक्शनवाला फ्लू, न्यूमोनियाची लस, नागिणीची नवी शिंग्रिक्स, या जिवंत नाहीत, या विचारून घेता येतात.

दोन, घाबरून घरातल्या पोरांच्या लसी थांबवतात. हे तर उलटंच. घरातल्या पोरांना लसी असणं हीच आपली भिंत. २०२२ च्या शेवटी गोवंडी-मानखुर्द भागात गोवराची साथ आली होती, चिंचपोकळीच्या कस्तुरबा हॉस्पिटलात पोरं भरती होती, आणि त्यात लस राहून गेलेली पोरं खूप होती. गोवर-रुबेलाची लस दिलेल्या पोरापासून आपल्याला काही होत नाही, निवांत जवळ घ्या. कांजिण्यांची लस सरकारी मोफत यादीत नाही, त्यामुळे खूप घरांत ती राहूनच जाते, विकत घेऊन दोन डोस द्या, घरातल्या ज्या मोठ्यांना कांजिण्या झाल्या नाहीत त्यांना पण. लस दिल्यावर पोराला पुरळ उठलंच तर ते जाईपर्यंत मात्र लांब राहायचं.

पोलिओच्या थेंबांचं वेगळं आहे आणि हे आपल्याकडे कोणी सांगत नाही. त्यातला विषाणू जिवंत असतो, बाळाच्या शीमधून काही आठवडे बाहेर पडतो. घरात इम्युनिटी फार कमी असलेलं माणूस असेल तर बाळाच्या डॉक्टरांना हे आधीच सांगा, इंजेक्शनवाली पोलिओ लस असते. पल्स पोलिओच्या रविवारी बूथवर सासूबाई कौतुकाने बाळाला घेऊन जातात, त्यांना पण सांगून ठेवा. रोटाव्हायरसचे थेंब मात्र बाळाला द्यायचेच, फक्त त्यानंतर लंगोट बदलायचं काम काही दिवस दुसऱ्याकडे, नाहीतर साबणाने हात चोळून धुवायचे.

साबणानेच हं. पावसाळ्यात पोरांना हात-पाय-तोंडावर फोड येतात त्या विषाणूला सॅनिटायझर फार मानत नाही.

नागीण आणि काढा

आजोबांना नागीण झाली तर ती आपल्याला नागीण म्हणून लागत नाही, पण कांजिण्या कधी झाल्याच नसतील तर त्या फोडांच्या पाण्यातून कांजिण्या लागू शकतात, एकच विषाणू आहे. फोड झाकलेले हवेत, टॉवेल वेगळा. विळखा पूर्ण झाला की माणूस जातो वगैरे सगळं थोतांड, मंत्राने उतरवायला नेण्यात पहिले तीन दिवस जातात आणि विषाणूविरोधी गोळ्यांचा खरा फायदा त्याच तीन दिवसांत असतो.

आणि काढे. प्रत्येक मावशीकडे इम्युनिटी वाढवायचा उपाय आहे. मावशी, माझी इम्युनिटी वाढली तर किडनी जाईल! गुळवेल घेणाऱ्या सहा जणांच्या लिव्हरला इजा झाल्याचं मुंबईतल्याच डॉक्टरांनी २०२१ मधे छापलं होतं, आयुष मंत्रालयाने ते मानलं नाही, तो वाद त्यांचा त्यांनी बघावा, मी गुळवेल घेत नाही.

एकविसावा दिवस गेला, मला काही उठलं नाही. त्यातले दोन आठवडे ट्युशन बंद ठेवली, कारण मीच पोरांना दिलं असतं तर. तो पोरगा पण परत आला, सगळ्या खपल्या पडून गेलेल्या, कपाळावर दोन डाग, आणि सात आठे अजूनही चोपन्न. महिन्याच्या शेवटी ग्रुपवर सगळ्यांची फी मीच ॲडजस्ट केली.