बीएमपी फाइलच्या हेडरमधील आकडे जुळत नाहीत तेव्हा

वरुड-मोर्शी भागात संत्र्याची रंगावरून प्रतवारी करणारा प्रोग्राम स्वतः लिहू पाहणाऱ्यांनी बीएमपी (.bmp) ही चित्राची फाइल निवडणे योग्यच आहे, कारण तिच्यात पिक्सेल, म्हणजे चित्राचे रंगीत ठिपके, सहसा न दाबता (कॉम्प्रेस न करता) ठेवलेले असतात. मात्र मोबाइलच्या जेपीजी फोटोचे नुसते नाव बदलल्याने त्याची बीएमपी होत नाही. म्हणून आधी फाइलचे बाइट जसेच्या तसे दाखवणाऱ्या हेक्स एडिटरमध्ये पहिले दोन बाइट पाहावेत: ६६ आणि ७७ (हेक्समध्ये 42 4D) असतील तर फाइल बीएमपी आहे; २५५ आणि २१६ (हेक्समध्ये FF D8) असतील तर ती जेपीजीच आहे.

आता ६४० बाय ४८० पिक्सेलांचा, २४ बिटांचा फोटो घेऊ. पिक्सेलांचे ९२१६०० आणि दोन हेडरांचे (फाइलच्या आरंभीच्या माहितीच्या भागांचे) ५४ मिळून फाइल ९२१६५४ बाइटांची होते. पण सी भाषेतील प्रोग्राम तिचा आकार १४ सांगतो आणि पिक्सेल २६२१४४० व्या बाइटपासून सुरू होतात असे म्हणतो. येथे फाइल निर्दोष असून दोष स्ट्रक्टचा (struct), म्हणजे हेडर ज्यात वाचून घेतले त्या सी मधील रचनेचा आहे. पहिल्या हेडरमध्ये ६६-७७ या खुणेचे २, आकाराचे ४, राखीव २ आणि २, व पिक्सेलांच्या ठिकाणाचे ४ असे १४ बाइट असतात. परंतु चार बाइटांची संख्या चारच्या पटीतील पत्त्यावर यावी म्हणून कंपायलर (कोडचे यंत्रभाषेत रूपांतर करणारा प्रोग्राम) खुणेनंतर दोन रिकामे बाइट घालतो, स्ट्रक्ट १६ बाइटांचे होते आणि पुढचे सारे दोन बाइटांनी सरकते. दिसलेला १४ हा खऱ्या आकाराचा वरचा अर्धा भाग आहे (१४ × ६५५३६ + ४१५० = ९२१६५४); तो हेडरच्या लांबीइतका आहे हा निव्वळ योगायोग, आणि फसवा योगायोग. तसेच २६२१४४० म्हणजे ४० × ६५५३६, आणि ४० ही पुढच्या हेडरची लांबी. अवाढव्य आकडा ६५५३६ ने निःशेष भागला गेला, तर प्रथम या सरकण्याचाच संशय घ्यावा.

साइझऑफने (sizeof) स्ट्रक्टची लांबी छापून खात्री करावी. प्रॅग्मा पॅक १ (#pragma pack(1)) असा आदेश दिल्यास रिकामे बाइट जातात. तरी प्रत्येक संख्या बाइट-बाइट वाचून जोडणे मला अधिक भरवशाचे वाटते. पायथनच्या स्ट्रक्ट मॉड्यूलमध्ये फॉरमॅटच्या आरंभी < हे ‘पेक्षा लहान’चे चिन्ह दिले की लांबी १६ ऐवजी १४ येते. या चिन्हाने बाइटांचा क्रमही ठरतो: बीएमपीत ६४० ही संख्या १२८, २, ०, ० अशी असते आणि पीएनजी या दुसऱ्या चित्रप्रकारासाठी लिहिलेला उलट क्रमाचा कोड तिला २१४७६१४७२० वाचतो.

सी मध्ये 'लाँग' (long) हा संख्येचा प्रकार टाळावा, कारण ६४ बिटांच्या लिनक्सवर तो ८ बाइटांचा आणि विंडोजवर ४ बाइटांचा असतो. विंडोजवर फाइल बायनरी मोडमध्येच उघडावी, अन्यथा २६ हा बाइट येताच वाचन थांबू शकते.

हेडर बरोबर येऊनही चित्र तिरपे दिसल्यास ओळींची लांबी तपासावी. प्रत्येक ओळ चारच्या पटीपर्यंत भरलेली असते, त्यामुळे ५० पिक्सेलांची २४ बिटांची ओळ १५० नव्हे, १५२ बाइट घेते. उंची ऋण असू शकते. तेव्हा चित्र वरून खाली साठवलेले असते.

शेवटी हेडरमधील आकार आणि डिस्कवरील प्रत्यक्ष आकार यांची तुलना करावी. पेनड्राइव्हवर कॉपी चालू असताना वीज गेली, तर हेडर पूर्ण आणि पिक्सेल अर्धवट अशी फाइल उरू शकते. ती पुन्हा कॉपी करावी, कोडला हात लावू नये.