विद्यार्थी घटतायत तेव्हा कम्युनिटी कॉलेजचं शेड्यूल कसं लावायचं

अमेरिकेतल्या कम्युनिटी कॉलेजात (दोन वर्षांच्या डिग्र्या देणारं, कमी फीचं स्थानिक कॉलेज) नवीन डिपार्टमेंट चेअर म्हणजे विभागप्रमुख झालेल्या माणसाच्या हातात पहिल्या आठवड्यातच मागच्या वर्षीच्या शेड्यूलची एक्सेल शीट येते आणि वरून सांगितलं जातं, हेच रोलओव्हर करा म्हणजे तसंच पुढे न्या, फक्त सेक्शन (एकाच कोर्सचे वेगवेगळ्या वेळचे वर्ग) थोडे कमी करा, एन्रोलमेंट घटलीय. मी मॅथ्सची चेअर झाले तेव्हा मी तसंच केलं, प्रत्येक कोर्समधून जरा जरा छाटलं आणि सेमिस्टर सुरू व्हायच्या आदल्या शुक्रवारी कमी मुलं असलेले चार वर्ग कॅन्सल केले. त्यातल्या एका विद्यार्थिनीला मी स्वतः फोन केला, ती नर्सिंग होममध्ये दिवसपाळी करायची, १२ क्रेडिट म्हणजे चार वर्ग घेतलेले, त्यातला संध्याकाळचा स्टॅटिस्टिक्स आम्ही काढून टाकला होता आणि संध्याकाळी दुसरा सेक्शनच नव्हता. ती शांतपणे म्हणाली, मग मी शिफ्ट वाढवून घेते. ते सेमिस्टर तिनं पूर्णच सोडलं.

पैशात बघा म्हणजे कळेल. २०२४-२५ पासून पेल ग्रँट म्हणजे कमी उत्पन्नाच्या विद्यार्थ्यांना मिळणारी सरकारी मदत क्रेडिटच्या प्रमाणात मिळते, १२ क्रेडिटला पूर्ण, ९ ला ७५ टक्के. कमाल ग्रँट वर्षाला ७,३९५ डॉलर, म्हणजे ज्याला पूर्ण मिळते त्याचा एक ३ क्रेडिटचा वर्ग आपण उडवला तर त्याचे एका सेमिस्टरचे ९२० च्या वर डॉलर जातात. आपण एका वर्गाचा पगार वाचवला म्हणून खूश आणि तिकडे ते मूल चारही वर्गांतून गेलं, म्हणजे पुढच्या वर्षी एन्रोलमेंट अजून कमी, मग अजून कात्री. म्हणून माझं ठाम मत आहे की कापायचंच असेल तर शेड्यूल पब्लिश व्हायच्या आधी कापा, आणि काय कापायचं ते रिकाम्या खुर्च्या मोजून ठरवू नका, विद्यार्थ्याची डिग्री कुठे अडेल ते बघून ठरवा.

आधी घट कोणती आहे ते ओळखा

एकच आकडा बघून काही कळत नाही. कम्युनिटी कॉलेजची एन्रोलमेंट बेकारीच्या उलट चालते, नोकऱ्या गेल्या की लोक कॉलेजात येतात, म्हणून २००८ च्या मंदीनंतर २०१० च्या आसपास सगळीकडे वर्ग ओसंडून वाहत होते, नंतर नोकऱ्या परत आल्या तशी संख्या उतरत गेली आणि २०२० च्या साथीत तर धाडकन पडली. त्यात आता जन्मदराचा भाग आहे. अमेरिकेत २००७ मध्ये ४३ लाखांहून जास्त मुलं जन्मली, तो उच्चांक होता, त्यानंतर आकडा खाली येत गेला आणि ती २००७ ची मुलं २०२५ मध्ये १८ वर्षांची झाली. म्हणजे हायस्कूलमधून येणारी रांग इथून पुढे लहानच होत जाणार, त्याला जाहिरात हा उपाय नाही.

तर इन्स्टिट्यूशनल रिसर्चवाल्यांकडून म्हणजे कॉलेजची आकडेवारी ठेवणाऱ्यांकडून आकडे तोडून मागा. दिवसाचे वेगळे, संध्याकाळचे वेगळे, ऑनलाइन वेगळे आणि ड्युअल एन्रोलमेंट म्हणजे हायस्कूलची मुलं तर एकदम वेगळी, कारण देशभरात कम्युनिटी कॉलेजच्या साधारण पाचातला एक विद्यार्थी आता हायस्कूलचा आहे. ती मुलं बहुतेक आपापल्या हायस्कूलमध्येच बसून शिकतात, त्यामुळे हेडकाउंट वाढलेला दिसतो आणि कॅम्पसवरचे सकाळचे वर्ग ओस पडलेले असतात. हेडकाउंट आणि एफटीईएस (एकूण क्रेडिट म्हणजे किती फुलटाइम विद्यार्थ्यांइतके, तो आकडा) हे दोन्ही शेजारी शेजारी ठेवूनच बघा, दोनतृतीयांशाच्या आसपास विद्यार्थी पार्टटाइम असतात, डोकी तेवढीच राहून क्रेडिट घटू शकतात.

आणि ऑनलाइन सेक्शन एका रात्रीत भरला तर लगेच दुसरा उघडू नका. फायनान्शिअल एडचे पैसे लाटायला खोटे विद्यार्थी घुसवणाऱ्या टोळ्या आहेत, कॅलिफोर्नियात तर हा त्रास फार झालाय. पहिल्या आठवड्यात एकही असाइनमेंट न देणारी नावं शिक्षकांकडून लगेच मागून घ्या आणि ड्रॉप करा, नाहीतर खरी मुलं वेटलिस्टवर बसतात आणि आपण पुढच्या वर्षीचं शेड्यूल भुतांच्या भरवशावर बांधतो.

शीट कोरी ठेवून सुरुवात

आता मी मागची शीट बाजूला ठेवते आणि आधी डिग्री मॅप, म्हणजे कोणत्या सेमिस्टरला कोणते कोर्स घ्यायचे तो आराखडा, उघडते. नर्सिंगला जाणारी, इंजिनिअरिंगला ट्रान्सफर होणारी, बिझनेसवाली, असे पाचसहा नमुने घ्यायचे आणि प्रत्येकाचं एक सेमिस्टर कागदावर खरंच लावून बघायचं, जणू आपणच रजिस्टर करतोय. पहिल्यांदा केलं तेव्हा दिसलं की ॲनाटॉमीची लॅब मंगळवार-गुरुवार सकाळी १० ते १ आणि आमचा स्टॅटिस्टिक्सचा दिवसाचा सेक्शन मंगळवार-गुरुवार ११ ला. नर्सिंगच्या मुलांना दोन्ही लागतात. कितीतरी वर्षं आम्ही म्हणत होतो स्टॅटिस्टिक्सला मुलं येत नाहीत! सोमवार-बुधवारी नेला, तो भरला. बायॉलॉजीच्या चेअरबरोबर अर्धा तास बसलो एवढंच काम होतं, पण दोन डिपार्टमेंट आपापल्या खोलीत बसून शेड्यूल करतात तिथं हे कधीच दिसत नाही.

म्हणून स्टँडर्ड टाइम ब्लॉक हवेतच. एकाचा वर्ग ९:३० ते १०:४५, दुसऱ्याचा १० ते ११:१५ असं झालं की मुलाचे दोन ब्लॉक एका वर्गात जातात. शिक्षकांना सगळ्यांनाच १० ते १ हवं असतं आणि शुक्रवार मोकळा हवा असतो, ते समजतं मला, मीही शिक्षकच आहे, पण ज्याला नोकरी आणि लेकरू सांभाळून यायचंय त्याला दोन दिवसांत सगळे वर्ग बसले पाहिजेत. संध्याकाळच्या मुलांसाठी मी एक साधा नियम ठेवलाय, जी डिग्री संध्याकाळी पूर्ण होते असं आपण वेबसाइटवर लिहिलंय तिचा एकही कोर्स फक्त दिवसा ठेवायचा नाही. ते जमत नसेल तर वेबसाइटवरून ते वाक्य काढा.

कमी मुलांचे पण लागणारे कोर्स असतात, कॅल्क्युलस ३, डिफरन्शिअल इक्वेशन्स, दुसऱ्या वर्षाचं स्पॅनिश. ते दर सेमिस्टरला नावापुरते लावून दर सेमिस्टरला कॅन्सल करण्यापेक्षा वर्षातून एकदाच लावा आणि दोन वर्षांचं रोटेशन आधीच जाहीर करा, ॲडव्हायझरांच्या हातात द्या, आणि मग ९ मुलं आली तरी तो वर्ग चालवा. एकदा शब्द मोडला की ॲडव्हायझर मुलांना सांगायला लागतात, इथं थांबू नका, शेजारच्या कॉलेजात घ्या.

फॉलमध्ये सुरुवातीला थोडे कमी सेक्शन उघडा आणि दोनतीन तयार करून लपवून ठेवा, खोली आणि वेळ ठरलेली, फक्त मुलांना दिसत नाही. वेटलिस्ट १०-१२ वर गेली की उघडा. वर्ग वाढवताना सगळे आनंदानं मदत करतात, कॅन्सल करताना कोणी फोन उचलत नाही.

कॅन्सल करायचा की नाही

आमच्याकडे १५ च्या खाली गेला की काढा असा नियम होता. सोपा नियम आहे पण हिशेब चुकीचा आहे. समजा ॲडजंक्टला, म्हणजे वर्गागणिक पगार घेणाऱ्या पार्टटाइम शिक्षकाला, त्या वर्गाचे ३,६०० डॉलर मिळतात आणि फी क्रेडिटला १५० डॉलर, म्हणजे ३ क्रेडिटला ४५०. आठ मुलांत शिक्षकाचा पगार निघाला, स्टेटकडून येणारा पैसा अजून धरलाच नाही. तुमच्या कॉलेजचे आकडे घालून हे गणित एकदा करा आणि डीनला दाखवा. दुसरं म्हणजे वर्ग फुलटाइम शिक्षकाचा असेल तर कॅन्सल करून काहीच वाचत नाही, पगार चालूच राहतो, त्याचा लोड म्हणजे ठरलेले वर्ग भरायला ॲडजंक्टचा वर्ग काढून घेतला जातो, म्हणजे १० मुलांचा वर्ग वाचवायला नको म्हणून २५ मुलांच्या वर्गातला शिक्षक ऐनवेळी बदलतो.

आकडा बघायचा तर आजचा नुसता बघू नका, मागच्या दोनतीन वर्षांत सुरुवातीच्या २१ दिवस आधी त्याच सेक्शनला किती होते ते बघा. कम्युनिटी कॉलेजची मुलं शेवटच्या दहा दिवसांत येतात, संध्याकाळची तर शेवटच्या चारपाच दिवसांत. २१ दिवस आधी ६ वर असलेला आमचा संध्याकाळचा अल्जेब्रा पहिल्या दिवशी १९ वर असायचा, तो घाईत मारला असता तर एकोणीस जण बाहेर. जे खरंच भरणार नाहीत ते तीन आठवडे आधीच काढा, म्हणजे मुलांना दुसरीकडे जागा मिळते, आणि शेवटच्या आठवड्यात शक्यतो काहीच काढू नका.

काढायच्या आधी त्या वर्गातल्या प्रत्येक नावासमोर चार गोष्टी तपासा. यंदा ग्रॅज्युएट होणार आहे का. १२ क्रेडिटच्या खाली जातोय का. व्हेटरन म्हणजे माजी सैनिक असून जीआय बिलवर, म्हणजे सैनिकांना शिक्षणासाठी मिळणाऱ्या सरकारी मदतीवर, आहे का, कारण सगळे वर्ग ऑनलाइन झाले तर त्याचा घरभत्ता देशाच्या सरासरीच्या निम्म्यावर येतो. आणि एफ-१ म्हणजे विद्यार्थी व्हिसावर आहे का, हे भारतातून आलेल्या मुलांच्या बाबतीत फार महत्त्वाचं, त्यांना १२ क्रेडिट लागतात आणि त्यात एकच ऑनलाइन वर्ग मोजला जातो, म्हणून हा बंद झाला तर ऑनलाइन घे असं त्यांना सांगणं म्हणजे त्यांचा स्टेटस धोक्यात घालणं आहे. डीएसओला, म्हणजे परदेशी विद्यार्थ्यांच्या व्हिसाचं बघणाऱ्या कॉलेजच्या अधिकाऱ्याला, विचारल्याशिवाय त्या मुलांना हलवू नका.

मग फोन करा. ईमेल नाही, फोन, आणि कॅन्सलचं बटण दाबायच्या आधी, हातात दोन पर्याय घेऊन. ऑटोमॅटिक ईमेल गेला की बरीच मुलं दुसरीकडे जात नाहीत, तशीच विरून जातात. त्यासाठी एक उशिरा सुरू होणारा १२ आठवड्यांचा किंवा दुसऱ्या ८ आठवड्यांचा सेक्शन राखून ठेवला तर फार कामाला येतो.

८ आठवड्यांच्या टर्मबद्दल सगळे विचारतात. टेक्सासमधल्या ओडेसा कॉलेजनं २०१४ मध्येच बहुतेक वर्ग त्यात नेले, एका वेळी दोनच विषय असल्यानं नोकरी करणाऱ्याला झेपतं आणि मध्येच आयुष्यात काही झालं तरी अर्धं सेमिस्टर हातात राहतं. पण सगळं सरसकट नेऊ नका, ४ क्रेडिटचा कॅल्क्युलस ८ आठवड्यांत म्हणजे आठवड्याला ८ तास वर्ग आणि त्याच्या दुप्पट घरचा अभ्यास, हे दिवसपाळीवाल्याला कसं जमणार? इंग्लिश, सायकॉलॉजी, स्टॅटिस्टिक्सपासून सुरू करा.

ॲडजंक्ट लोकांबद्दल एकच पण कळकळीनं. आपल्यातले कितीतरी जण तीन कॉलेजात पळून घर चालवतात, शुक्रवारी वर्ग गेला की त्यांना सोमवारी दुसरीकडे काही मिळत नाही. धोक्यातल्या सेक्शनची यादी त्यांना महिनाभर आधी मोकळेपणानं सांगा. काही कॉलेजच्या करारात ऐनवेळी रद्द झालेल्या वर्गाची थोडी भरपाई असते, नसेल तर मागा.

सेन्सस डेट म्हणजे अधिकृत विद्यार्थीसंख्या मोजायची तारीख झाली, कॅलिफोर्नियात ती टर्मच्या २० टक्क्यांवर येते, तुमच्याकडे रजिस्ट्रारला विचारा, की त्याच आठवड्यात कॅन्सल झालेल्या वर्गांतली सगळी नावं काढा आणि कोण कुठे गेलं ते बघा, किती दुसऱ्या सेक्शनमध्ये, किती कमी क्रेडिटवर, किती कॉलेजातच नाहीत. जे दिसत नाहीत त्यांना स्प्रिंग रजिस्ट्रेशन उघडायच्या आधी परत फोन करा. ती नर्सिंग होमवाली मुलगी अशाच दुसऱ्या फोनवर परत आली, तिनं सहा ते पावणेनऊचा बुधवारचा वर्ग मागितला आणि आम्ही तो लावला.