रेडिएटरचा फॅन रिलेवर कसा घ्यायचा आणि स्विच नेमका कुठे जोडायचा

माझ्या जुन्या गाडीचा फॅन आधीच्या कोणीतरी थेट डॅशबोर्डवरच्या स्विचमधून ओढला होता. कसारा घाटात ट्रॅफिकमध्ये अडकलो, फॅन बराच वेळ चालू राहिला आणि प्लॅस्टिक जळल्याचा वास यायला लागला, बघतो तर स्विच वितळून वाकडा झालेला. म्हणून सांगतो, फॅनचा करंट केबिनमध्ये आणूच नका. १२० वॅटचा फॅन म्हणजे चालताना साधारण १० अँपिअर आणि सुरू होताना क्षणभर त्याच्या दोन-तीन पट, एवढं त्या छोट्या स्विचला झेपत नाही. रिले म्हणजे छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच; त्याच्या आतल्या कॉइलला जेमतेम ०.१५ अँपिअर लागतो, मग स्विचने फक्त कॉइल चालवायची आणि जड काम रिलेला द्यायचं.

हे जुन्या, साध्या गाड्यांसाठी आहे. ज्या गाडीत फॅन ईसीएम (इंजिनाचा कॉम्प्युटर) चालवतो तिथे वायर कापू नका.

सामान फार नाही: १२ व्होल्ट, ३० किंवा ४० अँपिअरचा चार पिनी रिले सॉकेटसकट, फ्यूज होल्डर, टॉगल स्विच, थिंबल (वायरीच्या टोकाला बसवायचं धातूचं टर्मिनल), फॅनसाठी ४ स्क्वेअर एमएमची वायर (छोट्या फॅनला २.५ चालते) आणि कॉइलसाठी १ स्क्वेअर एमएमची. रिले पाच पिनी मिळाला तर ८७ए ही पिन रिकामी सोडा.

इंजिन गार असताना काम करा आणि आधी बॅटरीची निगेटिव्ह काढा. बॅटरीच्या पॉझिटिव्हवरून जाड वायर घेऊन रिलेच्या ३० नंबरला द्या, मध्ये फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरातच हवा, कारण फ्यूज वायर वाचवायला असतो आणि फ्यूजच्या अलीकडे वायर घासून बॉडीला लागली तर आग लागायला वेळ लागत नाही. १० अँपिअरच्या फॅनला २० चा फ्यूज पुरतो. ८७ वरून फॅनची पॉझिटिव्ह. फॅनची निगेटिव्ह बॉडीला, पण तिथला रंग खरवडून, चकचकीत पत्रा दिसेपर्यंत, आणि थिंबल बोल्टने घट्ट.

आता कॉइल. ८६ ला इग्निशनचा सप्लाय द्या, चावी फिरवल्यावरच येणारा, ३ किंवा ५ अँपिअरच्या फ्यूजमधून, म्हणजे फॅन चालू राहून बॅटरी उतरणार नाही. ८५ वरून दोन वायरी काढा, एक टॉगल स्विचला आणि स्विचची दुसरी बाजू बॉडीला, दुसरी वायर थर्मो स्विचला, म्हणजे इंजिनाचं पाणी तापलं की आपोआप चालू होणाऱ्या स्विचला (आधी तो फॅनच्या लायनीत असेल तर तिथून सोडवून घ्या). दोघांपैकी कोणीही अर्थ दिला, म्हणजे ८५ ला बॉडीशी जोडलं, की फॅन फिरतो. मला ही जोडणी सगळ्यात महत्त्वाची वाटते, कारण स्विचने फॅन मुद्दाम चालू करता येतो पण बंद पाडता येत नाही, आणि स्विच दाबायला विसरलात म्हणून इंजिन तापून हेड गॅस्केट (इंजिनाच्या हेडखालचं सील) जात नाही. नुसत्या स्विचच्या भरवशावर गाडी कधीच ठेवू नका.

केबिनमध्ये जाणारी वायर पत्र्याच्या भोकातून नेताना रबर ग्रोमेट घालाच. रिले पिना खाली करून बसवा, कोकणातल्या पावसात पाणी आत साचत नाही. जोड नुसते पिळून टेप मारू नका, नीट क्रिम्प करा (पकडीने थिंबल वायरीवर दाबून घट्ट बसवा).

बॅटरी जोडा, चावी फिरवा, स्विच दाबा, टिक आवाज येऊन फॅन फिरायला हवा. फॅन रेडिएटरच्या मागे असेल तर पुढच्या जाळीला कागद लावून बघा, चिकटून राहिला तर बरोबर, उडाला तर फॅनच्या दोन वायरी उलट करा. दहा मिनिटांनी फॅन बंद करून फ्यूज होल्डर आणि थिंबल हाताने बघा, कोमट चालेल, बोट ठेववत नसेल तर क्रिम्प ढिला आहे किंवा वायर बारीक आहे. मीटर असेल तर फॅन चालू असताना बॅटरीवरचा आणि फॅनच्या टर्मिनलवरचा व्होल्टेज बघा, अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त फरक नको.

मग स्विच बंद ठेवून इंजिन आयडलवर तापू द्या. काटा नेहमीपेक्षा वर जाऊनही फॅन आला नाही तर लगेच स्विचने चालू करून गाडी थंड करा, नंतर स्विच बंद करून, चावी चालू ठेवून थर्मो स्विचची वायर काढून बॉडीला टेकवा. फॅन फिरला तर तुमचं वायरिंग ठीक आहे, गडबड थर्मो स्विचमध्ये आहे, आणि तो एका पिनचा असेल तर आट्यांवर टेफ्लॉन टेप जास्त गुंडाळल्यामुळे अर्थ तुटलाय का ते आधी तपासा.