‘आउट ऑफ द पार्क बेसबॉल’मध्ये प्रशिक्षक कसे नेमावेत

बेसबॉल संघ चालवण्याच्या या संगणकीय व्यवस्थापन-खेळात नवखा माणूस बहुतेक पैसा मुख्य संघाच्या प्रशिक्षकांवर उधळतो. मात्र तिथले तिशी गाठलेले खेळाडू घडायचे तेवढे घडून चुकलेले असतात, म्हणून सुरुवात ट्रिपल-ए, डबल-ए आणि त्याखालच्या संघांपासून, म्हणजे मुख्य संघासाठी तरुण खेळाडू घडवणाऱ्या दुय्यम संघांपासून, करावी. प्रत्येक संघाच्या हिटिंग (फलंदाजी) आणि पिचिंग (चेंडूफेक) प्रशिक्षकाचे शिकवण्याचे गुण पाहावेत. नाव, वय किंवा जुनी कीर्ती पाहून भुलू नये.

तुमचा सर्वांत होतकरू पिचर १९ वर्षांचा असून सर्वांत खालच्या संघात आहे, असे समजा. २० ते ८० या मापावर त्याचा कर्व्हबॉल (वळणारा चेंडू) आज ३५ आणि संभाव्य ६० असेल, तर मधले अंतर कापायला मदत करणारा माणूस त्याच संघात हवा. उत्तम पिचिंग प्रशिक्षक ट्रिपल-एमध्ये बसवून ठेवल्यास त्या पोराला त्याचा थेट उपयोग नाही. ही चूक मी स्वतः कितीतरी हंगाम करत होतो.

प्रशिक्षक जादूगार नसतो, हेही ध्यानात ठेवावे. खेळाडूला नियमित सामने मिळाले नाहीत, किंवा त्याला झेपणार नाही अशा स्तरावर घाईने चढवले, तर चांगली शिकवणीही वाया जाते. दुखापती सांभाळणाऱ्या संघाच्या ट्रेनरकडेही दुर्लक्ष नको, कारण मोठी दुखापत अंगभूत क्षमताच खाली ओढू शकते. करार संपत आलेल्या प्रशिक्षकांची यादी हंगाम संपण्यापूर्वीच तपासावी. नंतर चांगली माणसे इतर संघ पळवतात.