रिव्हर्स प्रॉक्सीमागे ॲप्लिकेशन चढवण्याआधीची तयारी

एका शिक्षणसंस्थेच्या प्रवेशअर्जांसाठी लिहिलेले जँगोचे (पायथनमधल्या वेब फ्रेमवर्कचे) ॲप्लिकेशन मी एनजिनएक्सच्या, म्हणजे विनंत्या आधी स्वतः घेऊन मागच्या ॲप्लिकेशनकडे देणाऱ्या रिव्हर्स प्रॉक्सीच्या, मागे उभे केले. सकाळी अकराला अर्ज खुले झाले आणि अकरा वाजून दहा मिनिटांनी एकाही विद्यार्थ्याला लॉगिन करता येईना. सर्व्हर धडधाकट होता, डेटाबेस निवांत होता. एकाच आयपी पत्त्यावरून पाच वेळा चुकीचा पासवर्ड आला की तो पत्ता पंधरा मिनिटे बंद करायचा, हा नियम मीच मोठ्या हौसेने लिहिला होता. आणि प्रॉक्सीमागच्या ॲप्लिकेशनला सगळे विद्यार्थी १२७.०.०.१ या एकाच, म्हणजे खुद्द सर्व्हरच्याच, पत्त्यावरून येताना दिसत होते. पाच जणांची बोटे चुकली आणि दार सगळ्यांनाच बंद झाले. ही यादी त्या दिवसानंतरची आहे.

डोमेन सर्व्हरकडे वळवलेले असावे, ८० आणि ४४३ ही पोर्ट उघडी असावीत. यावर अधिक लिहीत नाही. ॲप्लिकेशन स्वतः मात्र १२७.०.०.१ वरच ऐकत असावे, ०.०.०.० (सर्व्हरचे सगळे पत्ते) वर नव्हे, नाहीतर ॲप्लिकेशनच्या ८००० पोर्टवरून कोणीही प्रॉक्सीला वळसा घालून आत शिरतो आणि खाली सांगितलेली सारी दक्षता फुकट जाते. डॉकर (ॲप्लिकेशन कंटेनरमध्ये चालवणारे साधन) वापरणाऱ्यांनी येथे जरा थांबावे. डॉकर लिनक्सच्या आयपीटेबल्स या फायरवॉलमध्ये स्वतःचे नियम घालतो, त्यामुळे त्याने बाहेर काढलेले पोर्ट यूएफडब्ल्यू या फायरवॉल सांभाळणाऱ्या साधनामध्ये बंद दिसले तरी प्रत्यक्षात उघडेच असते. पोर्ट देतानाच त्याच्या आधी १२७.०.०.१ लिहावे.

आता हेडर, म्हणजे विनंतीसोबत जाणाऱ्या माहितीच्या ओळी. विनंती मागे पाठवणारी प्रॉक्सी-पासची एक ओळ लिहिली की ब्राउझरमध्ये पान उमटते आणि काम झाल्यासारखे वाटते. फसगत तेथेच होते. होस्ट हेडर (कोणती साइट मागितली ते नाव) आपण सांगितला नाही तर एनजिनएक्स मागच्या सर्व्हरचेच नाव पुढे पाठवतो आणि जँगो ४०० (चुकीची विनंती) देऊन मोकळा होतो. एक्स-फॉरवर्डेड-प्रोटो (मूळ विनंती एचटीटीपीवरून की एचटीटीपीएसवरून, ते सांगणारा हेडर) पाठवला नाही, किंवा पाठवूनही जँगोला त्यावर विश्वास ठेवायला सांगितले नाही, तर प्रत्येक विनंती साध्या एचटीटीपीवरून आली असे समजून, एचटीटीपीएसची सक्ती चालू असल्यास, तो ती पुन्हा एचटीटीपीएसकडे वळवतो आणि ब्राउझर गोल गोल फिरत राहतो. या दोन चुका निदान लगेच दिसतात.

तिसरा हेडर एक्स-फॉरवर्डेड-फॉर, म्हणजे मूळ क्लायंटचा पत्ता सांगणारा, आणि त्याची चूक दिसत नाही. पान उघडते, लॉगिन होते, चाचणी करणारे आपण एकटेच असल्यामुळे सगळे सुरळीत वाटते. गर्दी झाल्यावर ती उघडी पडते. मी तो हेडर पाठवला होता, पण तो वाचत कोणीच नव्हते. जँगो चालवणारा गुनिकॉर्न सर्व्हर त्यावरून क्लायंटचा पत्ता बदलत नाही, आणि जँगोमध्ये ते काम करणारे मिडलवेअर (प्रत्येक विनंती मधेच हाताळणारा भाग) १.१ आवृत्तीतच काढून टाकले गेले, कारण सर्वांना सरसकट विश्वासार्ह ठरेल असे ते करताच येत नव्हते. हेडर पाठवणे हे अर्धे काम आहे. तो वाचणे हे उरलेले अर्धे, आणि ते आपल्यालाच करायचे आहे.

त्या सकाळी घाईघाईत मी त्या हेडरमधला डावीकडचा पहिला पत्ता उचलला आणि नवी चूक केली. क्लायंटने स्वतःच तो हेडर भरून पाठवला असेल तर एनजिनएक्सचे नेहमीचे चलपद (व्हेरिएबल) त्याच्या उजवीकडे खरा पत्ता जोडते, डावीकडचे मात्र तसेच राहू देते. कर्ल या कमांडने खोटा पत्ता पाठवून पाहिला, तर माझ्या ॲप्लिकेशनने तो मुकाट्याने मान्य केला. ॲप्लिकेशनपुढे एकच प्रॉक्सी असेल तर जोडण्याच्या भानगडीत न पडता रिमोट-ॲड्रेसच (एनजिनएक्सला प्रत्यक्ष जोडणाऱ्याचा पत्ता) त्या हेडरमध्ये लिहून टाकावा. एनजिनएक्सच्याही पुढे सीडीएन (साइट जगभरच्या सर्व्हरवरून पोचवणारी सेवा) असेल तर एनजिनएक्सच्या रिअल-आयपी मॉड्यूलला फक्त त्या सीडीएनचे पत्ते विश्वासाचे म्हणून सांगावेत, आणि दुसऱ्या कोणाचेही नाही.

याच ओघात आणखी एक खोड. एखाद्या लोकेशनमध्ये (कॉन्फिगरेशनमधला एखाद्या मार्गापुरता विभाग), समजा वेबसॉकेट या सतत खुल्या राहणाऱ्या जोडणीसाठी, हेडर ठरवणारी एक जरी ओळ लिहिली, तरी वरच्या पातळीवर लिहिलेले सगळे हेडर त्या लोकेशनपुरते रद्द होतात. म्हणजे क्लायंटचा पत्ता पुन्हा गायब. सर्व हेडर एका वेगळ्या फाइलमध्ये ठेवून प्रत्येक लोकेशनमध्ये ती फाइल जोडावी.

तपासणी सोपी आहे आणि ती टाळण्यास कोणतेही कारण नाही. मोबाइलचे वायफाय बंद करून मोबाइल डेटावर साइट उघडावी आणि ॲप्लिकेशनचा लॉग पाहावा. एनजिनएक्सचा नव्हे, तो नेहमी खरे सांगतो आणि म्हणूनच मला त्याने गाफील ठेवले. लॉगमध्ये १२७.०.०.१ किंवा डॉकरचा १७२ ने सुरू होणारा पत्ता दिसला तर अर्ज खुले करू नयेत. पत्ता बरोबर दिसला तरी केवळ त्यावर बंदी घालू नये, कारण महाविद्यालयाची अख्खी संगणक प्रयोगशाळा किंवा मोबाइल कंपनीचे असंख्य ग्राहक एकाच पत्त्यामागे असू शकतात. पत्ता आणि वापरकर्त्याचे नाव दोन्ही मिळून मोजावे.

उरलेले थोडक्यात. एनजिनएक्स मुळात १ एमबीपर्यंतचीच विनंती स्वीकारतो, त्यामुळे गुणपत्रिकेची स्कॅन केलेली प्रत ४१३ (विनंती फार मोठी) खाते, मर्यादा वाढवावी. मागून ६० सेकंदांत काहीच आले नाही तर ५०४ (वेळ संपली) येतो, मोठे अहवाल पार्श्वभूमीवर काढावेत. लेट्स एन्क्रिप्टचे ९० दिवसांचे मोफत एचटीटीपीएस प्रमाणपत्र आपोआप नवे होते, पण एनजिनएक्स रीलोड होईपर्यंत जुनेच दाखवतो. रीलोडपूर्वी कॉन्फिगरेशनची चाचणी घ्यावी, आणि रीलोडनंतर वायफाय बंद करून ॲप्लिकेशनच्या लॉगमधला पत्ता पुन्हा पाहावा.