घरातलं सामान हळूहळू कमी करताय? मग या चुका टाळा

आमच्याकडं घट बसायच्या आधी दसरा काढतात. म्हणजे सगळं घर बाहेर, वाकळा चादरी पडदे धुवायचे, माळे झाडायचे, भांडी घासायची, आणि दोन दिवसांनी तेच सगळं सामान पुसून परत होतं त्याच जागी. घर लख्ख होतं पण एक चमचासुद्धा कमी होत नाही. लग्न होऊन सांगलीत आले तेव्हापासून मी दरवर्षी हेच करत आले. झाडणं वेगळं आणि सामान कमी करणं वेगळं हे मला कळलं २०१९ च्या पुरात.

सांगलीच्या नदीकाठच्या गावभागात आमचं जुनं घर, खाली चार खोल्या आणि वर दोन. कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी ४० फूट म्हणजे इशारा पातळी आणि ४५ फूट म्हणजे धोका पातळी, हे आकडे इथल्या लहान पोरांनापण पाठ असतात. त्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. आदल्या रात्री आम्ही चौघं जिन्यावरून सामान वर चढवत होतो, हाताला जे लागेल ते, आणि नंतर वर बघितलं तर ब्लाऊज पीसच्या तीन पिशव्या, आहेरात आलेले न उघडलेले स्टीलचे डबे, बंद पडलेल्या मिक्सरची भांडी हे सगळं कोरडं ठणठणीत. आणि पलंगाखालच्या ट्रंकेतले मामांचे, म्हणजे सासऱ्यांचे फोटो आणि नणंदेच्या लग्नाचा अल्बम पाण्यात. ट्रंकेपुढं एवढी बोचकी रचलेली होती की ट्रंक कुणाला आठवलीच नाही. (अजून एक, फोटो भिजून एकमेकांना चिकटले असतील तर आमच्यासारखे उन्हात वाळवून ओढू नका, स्वच्छ गार पाण्यात भिजवून हळूहळू सुटे करा आणि सावलीत फॅनखाली वाळवा, आमचे निम्मे फोटो पुरानं नाही तर त्या ओढाओढीत गेले.)

तेव्हापासून रोज थोडं थोडं काढतोय. त्यात ज्या चुका झाल्या त्या लिहिते.

एकाच रविवारी सगळं संपवायला जाणं

सगळ्यात पहिली आणि सगळ्यात मोठी चूक हीच. सकाळी उत्साहानं तीन कपाटं रिकामी केली, सगळं पलंगावर, दुपारपर्यंत एक कप्पा लागला, मग जेवण, मग कुणीतरी पाहुणे येतो म्हणून फोन, आणि संध्याकाळी सगळं कोंबून कपाटाची दारं ढकलून लावली. आधी निदान घडी तरी होती! त्यानंतर चार महिने मी कपाटाला हात लावला नाही.

आता मी एका वेळी एकच ड्रॉवर किंवा एकच डबा घेते, पंधरा मिनिटं, आणि ते झाल्याशिवाय दुसरं उघडत नाही. ही पंधरा मिनिटं "वेळ मिळेल तेव्हा" अशी ठेवली तर मिळत नाहीत, ती रोजच्या कुठल्यातरी कामाला बांधायची. मी घंटागाडीला बांधली. आमच्या गल्लीत गाडी सकाळी येते, चहा झाला की गाडीचं गाणं ऐकू येईपर्यंत जे निघेल ते काढायचं, सुकं सुक्यात. मैत्रिणीनं कुकरला बांधलंय, तीन शिट्ट्या होईपर्यंत ओट्याखालचा एक कप्पा. फार थोडं वाटतं पण हिशोब करा, आठवड्यात पाच ड्रॉवर होतात, आणि दमणूक होत नसल्यामुळं दुसऱ्या दिवशी परत करावंसं वाटतं.

सामान कमी व्हायच्या आधी बास्केट आणि डबे विकत आणणं

ऑनलाईन बघून मी बारा बास्केट मागवल्या. आधी जे इकडंतिकडं पडलं होतं ते बास्केटमध्ये पडलं, एवढाच फरक. आधी काढा, मग उरलेलं बघा, आणि बहुतेक वेळा घरातल्याच रिकाम्या डब्यात ते बसतं. आमच्याकडं बेदाण्याची एवढी खोकी येतात, ड्रॉवरमध्ये कप्पे करायला तीच कापून वापरते.

दुसऱ्याच्या वस्तू त्याला न विचारता काढणं

यावर जरा जास्त लिहिते, कारण इथं नुसतं सामान बिघडत नाही, माणसं दुखावतात.

आत्यांचा, म्हणजे सासूबाईंचा, एक पितळी डबा होता, झाकण बसत नव्हतं, वर्षानुवर्षं माळ्यावर. मी तो भंगारवाल्याला देऊन टाकला. पंधरा दिवसांनी त्यांनी विचारलं, "अगं, माझा हळदीचा डबा कुठं गेला गं?" त्यांच्या आईनं दिलेला होता तो. त्या भांडल्या नाहीत, काही बोलल्यापण नाहीत, पण त्यानंतर सहा महिने मी कुठलंही कपाट उघडलं की येऊन दारात उभ्या राहायच्या. बरोबरच होतं त्यांचं.

नियम साधा आहे, आपल्या वस्तू आपण काढायच्या. आधी स्वतःच्या साड्या, स्वतःच्या पर्सेस, स्वतःची कॉलेजची पुस्तकं. घरातल्यांना ते दिसतं. आणि वडीलधाऱ्यांना "टाकूया का?" असं विचारूच नका, उत्तर ठरलेलं आहे, "ठेव की, लागतंय कधीतर." त्याऐवजी मी विचारायला लागले, "आत्या, हे कुणाच्या उपयोगी पडेल ओ?" मग त्या विचार करायला लागतात, नावं काढतात, आणि वस्तूची गोष्टपण सांगतात, ती ऐकून घ्यायची, घाई करायची नाही. पाणी तापवायचा तांब्याचा बंब त्यांनी असाच भाचीला दिला, तिचं नवीन घर झालं तेव्हा, स्वतः चिंच लावून घासून. मी मागं लागले असते तर तो अजून मोरीतच असता.

नवऱ्याच्या वायरी, स्क्रू, जुने चार्जर यांचंही तसंच. त्यांना एक खोकं दिलंय, त्यात मावेल तेवढं ठेवा, भरलं की तुम्हीच ठरवा काय जायचं.

"द्यायचं" म्हणून दाराशी पिशवी ठेवून देणं

काढलेलं सामान घराबाहेर जात नाही तोपर्यंत ते काढलेलं नाहीच. दारामागं पिशवी, मग तिच्यावर दुसरी, मग मुलं त्यातून खेळणी परत काढतात. प्रत्येक पिशवीवर मी कुणाला आणि कोणत्या वारापर्यंत ते लिहून चिकटवते, रद्दीवाला, भांडीवाली, कामाच्या ताई, शाळा, जे असेल ते. तो वार टळला तर जो पहिला नेईल त्याला.

आणि कपडे देताना कळकळीची विनंती, फाटकं आणि डागाळलेलं देऊ नका. पुरानंतर आमच्या गल्लीच्या कोपऱ्यावर मदतीत आलेल्या जुन्या कपड्यांचा ढीग कितीतरी दिवस भिजत पडला होता, चेन तुटलेल्या पँटी, पिको सुटलेल्या साड्या, कुणी घेईना. ज्यांचं सगळं वाहून गेलंय त्यांच्या दारात आपण आपला कचरा नेऊन टाकतो तो प्रकार. धड असेल तर धुवून इस्त्री करून द्या, नसेल तर पुसणी करा, वाकळ शिवायला द्या.

फोटो आणि पत्रांपासून सुरुवात

नको. एक अल्बम उघडला की सकाळ संपते. सुरुवात जिथं जीव अडकत नाही तिथून करा, औषधांचा डबा, मसाल्याच्या पुड्या, न्हाणीघरातल्या बाटल्या. मुदत संपलेल्या गोळ्या तशाच देऊ नका किंवा टाकू नका, स्ट्रिप कापून टाका म्हणजे दुसरं कुणी वापरणार नाही. फुगलेली बॅटरी असलेला जुना मोबाईल माळ्यावरच्या उकाड्यात ठेवू नका, टोचू नका, ई-कचरा घेणाऱ्याकडं द्या, आणि सीएफएल बल्बपण फोडून कचऱ्यात नको, आत पारा असतो. आणि माळ्यावर थर्माकोलचं गणपतीचं मखर असेल तर ते काढाच, २०१८ ला थर्माकोलच्या सजावटीवर बंदी आली, लोकांच्या माळ्यावर मखरं अजून तशीच आहेत.

कागद: एकतर सगळे ठेवणं नाहीतर सगळे रद्दीत घालणं

दोन्ही चूकच. घराचा मूळ दस्त, जुने हाताने लिहिलेले फेरफार उतारे, जन्माचे आणि शाळेचे दाखले हे हलवायचे नाहीत. दस्ताची नक्कल दुय्यम निबंधक कार्यालयातून मिळते पण त्याला वेळ आणि हेलपाटे लागतात. उलट सातबाऱ्याच्या पाच वर्षांपूर्वीच्या झेरॉक्स कशाला ठेवायच्या, डिजिटल सहीचा ताजा सातबारा १५ रुपयांत ऑनलाईन निघतो आणि काम असलं की ताजाच मागतात. लायसन्स, गाडीचं आरसी डिजिलॉकरला आहे. विकून टाकलेल्या फ्रिजचं वॉरंटी कार्ड, दहा वर्षांपूर्वीच्या लग्नपत्रिका, हे जाऊ दे. रद्दीत घालायच्या आधी आधार आणि पासबुकाच्या झेरॉक्स मात्र हातानं फाडा, आमच्याकडं एकदा भेळ आली ती कुणाच्यातरी पॅन कार्डाच्या झेरॉक्समध्ये बांधून!

ठेवायचे ते सगळे कागद एका वॉटरप्रूफ पाऊचमध्ये, पाऊच एका बॅगेत, आणि ती बॅग वरच्या खोलीत दाराशेजारी. जुलै २०२१ ला परत पाणी आलं तेव्हा ही बॅग आणि फोटोंचा डबा दहा मिनिटांत घेऊन आम्ही पाहुण्यांकडं विश्रामबागला गेलो.

काढलं तरी घर भरतंच आहे, असं का?

कारण येणं चालू आहे. मी एक महिना वहीत लिहिलं घरात काय काय आलं ते, तर विकत आणलेलं कमी होतं, आहेरातलं आणि फुकट मिळालेलं जास्त. ब्लाऊज पीस, टॉवेल, वाटी, कापडी पिशवी, एकावर एक फ्री. आता मी घ्यायच्या आधीच ठरवते, नवीन डबा आला की जुना त्याच दिवशी जातो, आणि आमच्या घरच्या शेवटच्या लग्नाच्या पत्रिकेत आम्ही "कृपया आहेर आणू नये" छापलं. नातेवाईक आधी रुसले, पण आमचं बघून दोघांनी त्यांच्याकडंपण तेच छापलं.

कुठली वस्तू ठेवायची हे कळत नसेल तर मी एकच प्रश्न विचारते, पाणी ४० फुटांवर आहे आणि जिना चढायचाय, तर हे उचलीन का? रोजच्या वापराच्या वस्तूंना तो प्रश्न लावायचा नाही, त्या राहणारच आहेत. पण माळ्यावरच्या आणि पलंगाखालच्या निम्म्या सामानाचं उत्तर लगेच येतं.

मधे खंड पडला तर

पडतोच. एप्रिल-मे मध्ये चटणी, कुरडया, सांडगे, मुलांच्या सुट्ट्या, माहेरचे लोक, तेव्हा आमच्याकडं दीड महिना काही होत नाही आणि टेबलावर परत डोंगर होतो. अशा वेळी राहिलेलं भरून काढायला जाऊ नका, परत तो रविवारचा प्रकार होतो. चमच्यांचा ड्रॉवर उघडा, त्यातले वाकलेले चमचे, पार्सलबरोबर आलेले सॉसचे पाऊच आणि रबरबँड काढा. पाच मिनिटांचं काम. दुसऱ्या दिवशी त्याच्या खालचा ड्रॉवर.